पालकांचे प्रश्न : बदलीचं गाव आणि नववीचा वर्ग

प्रश्न : आम्ही नागपूरहून पुण्याला चाललो आहोत. मिस्टरांचं ऑफिस हिंजवडीला, घर वाकडमध्ये बघतोय. मुलगा राज्य मंडळाच्या मराठी शाळेत, सेमी इंग्रजीत, आठवीत आहे. गणित-विज्ञान बरं आहे. जो तो सांगतो, पुण्याला जाताच आहात तर सीबीएसईत घाला. मला काही ठरवता येत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : समाजशास्त्रापासून करा. हे विचित्र वाटेल, कारण बोर्ड बदलताना सगळे गणित-विज्ञानाची धास्ती घेतात. पण सेमीतल्या मुलाचे ते दोन विषय आधीच इंग्रजीत झालेले असतात. इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल मात्र तो आजवर मराठीत शिकला. सीबीएसईत हे सगळं, शिवाय अर्थशास्त्र, इंग्रजीत येतं आणि पाच-पाच मार्कांची उत्तरं सलग वाक्यांत लिहावी लागतात. गुरुत्वाकर्षणाचं गणित इंग्रजीत सोडवणारा मुलगा ‘मान्सून परतताना काय होतं’ यावर इंग्रजीत चार ओळींपुढे जात नाही, ही नेहमीची अडचण आहे.

तेव्हा घरी एक चाचणी घ्या. त्याच्या आठवीच्या भूगोलातला त्याला चांगला येणारा एक धडा निवडा आणि त्यातल्या एका प्रश्नावर पुस्तक मिटून वीस मिनिटांत इंग्रजीत अर्धं पान लिहायला सांगा. स्पेलिंगं चुकली तर चुकू देत. वाक्यं पूर्ण होतात का आणि मुद्दा पोचतो का, एवढंच बघा. तेवढं जमत असेल तर सीबीएसईचा विचार करता येईल. पान कोरं राहिलं तर नववीचं अख्खं वर्ष भाषेत जाईल आणि बरं असलेलं गणितही मागे पडेल. अशा मुलाला पुण्यातही सेमीतच ठेवावं, असं आमचं मत आहे.

दुसरा घोळ कॅलेंडरचा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, बाकी महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यावर. सीबीएसईच्या बहुतेक शाळांची नववी मात्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सुरू होते. म्हणजे तुमचा मुलगा आठवीची परीक्षा देत असतो, तेव्हा तिकडे नववीचे पहिले धडे चालू असतात. मे महिन्यात प्रवेश घेतलात तर सुट्टीत तो भाग भरून काढावा लागेल. आणि अशा शाळांचे फॉर्म डिसेंबर-जानेवारीपासूनच सुटतात. जूनमध्ये जाऊन विचाराल तर उरलेल्या जागेवर समाधान मानावं लागेल.

राज्य मंडळातच राहणार असाल तर एक गोष्ट पहिल्याच फोनवर विचारा : तिसऱ्या भाषेचं काय? आठवीपासून मुलं संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत किंवा पन्नास-पन्नास मार्कांचं संयुक्त हिंदी-संस्कृत घेतात. तुमच्या मुलाने आठवीत संपूर्ण संस्कृत घेतलं असेल आणि नव्या शाळेत फक्त संयुक्त असेल, तर त्याला मध्येच हिंदीचा पेपर तयार करावा लागेल. उलट, संपूर्ण हिंदी घेतलेल्या मुलाला संस्कृतकडे वळावं लागलं तर आणखी कठीण, कारण आठवीच्या संस्कृतचा पायाच नसतो. प्रवेश झाल्यावर जुलैत हे कळतं आणि मग क्लास शोधायची धावपळ होते. हा प्रश्न शाळेच्या माहितीपत्रकात नसतो. वर्गशिक्षकांनाच विचारावा लागतो.

आता जागेचा प्रश्न. पुण्यातल्या जुन्या अनुदानित मराठी शाळा मुख्यतः पेठांत आणि डेक्कनच्या बाजूला एकवटलेल्या आहेत. वाकड-हिंजवडीच्या पट्ट्यात नव्या, स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळांची गर्दी जास्त. सेमी हवं असेल तर पेठांकडे धावण्याआधी चिंचवड, आकुर्डी, निगडी इकडच्या शाळा बघा. आणि ‘अनुदानित शाळा’ एवढं ऐकून फीचा हिशेब करू नका. एकाच शाळेत काही तुकड्या अनुदानित आणि काही विनाअनुदानित असतात. सेमीची तुकडी बऱ्याचदा दुसऱ्या प्रकारात मोडते, तिची फी वेगळी. ‘अमुक तुकडी कुठल्या प्रकारातली?’ असं थेट ऑफिसात विचारा.

घराचं टोकन देण्याआधी एक सकाळ राखून ठेवा. सोमवार असावा, सुट्टी नसावी. शाळेच्या वेळेच्या हिशेबाने त्या घरापासून शाळेपर्यंत जाऊन या, आणि शाळा सुटायच्या वेळीही. कारण हिंजवडीच्या रस्त्यावर सकाळची अर्ध्या तासाची वाट संध्याकाळी दुप्पट होते. एका बाजूला पाऊण तासापेक्षा जास्त लागत असेल तर आम्ही ती शाळा यादीतून काढू. नववीतला मुलगा रोज दोन-अडीच तास बसमध्ये काढून संध्याकाळी वही उघडेल, ही अपेक्षा कागदावरच राहते. शाळा दोन पाळ्यांत भरते का आणि नववी सकाळची की दुपारची, हेही विचारून घ्या. व्हॅन लावणार असाल तर ती शालेय वाहतुकीसाठी नोंदवलेली आहे का ते बघा. वेगनियंत्रक, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी या नियमातल्याच गोष्टी आहेत. शिवाय प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. तिची शेवटची बैठक कधी झाली, हा प्रश्न विचारून बघा. उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळावरून बरंच कळतं.

शाळा बघायला जाल तेव्हा ट्रॉफ्यांचं कपाट बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी मागा. पहिली, नववीतल्या कुठल्याही मुलाची गणिताची वही. तिच्यात शिक्षकांच्या सहीखाली तारखा आहेत का? चुकीच्या पायरीवर खूण आहे की पानाच्या शेवटी नुसती बरोबरची रेघ? एका दिवसाच्या तारखेत वीस पानं तपासलेली दिसली, तर वही तपासणीच्या आदल्या रात्री काय झालं ते समजून घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे एक आकडा. मागच्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि यंदा त्यांतली किती या शाळेतून दहावीला बसली? शंभर टक्के निकालाचं रहस्य पुष्कळदा या वजाबाकीत असतं. कच्च्या मुलांना नववीत नापास करायचं किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवायचं, हा जुना उपाय अजून चालतो. नव्वद मुलांतली अठ्ठ्याऐंशी बसली असतील आणि निकाल पंच्याण्णव टक्के असेल, तर ती शाळा शंभर टक्क्यांवालीपेक्षा बरी.

प्रश्न : सांगलीहून छत्रपती संभाजीनगरला बदली झाली आहे. घराजवळ ‘सीबीएसई पॅटर्न’ असा फलक लावलेली नवी शाळा आहे. फी परवडते, इमारत छान आहे. मुलीला नववीत घालायचं आहे. पॅटर्न म्हणजे नक्की काय?

उत्तर : पॅटर्न म्हणजे काहीच नाही. एनसीईआरटीची पुस्तकं कुठलीही शाळा वापरू शकते. त्याने ती सीबीएसईची होत नाही. सीबीएसईची शाळा म्हणजे बोर्डाशी संलग्न आणि सात आकडी संलग्नता क्रमांक असलेली. हा क्रमांक मागा आणि बोर्डाच्या ‘सारस’ संकेतस्थळावर स्वतः तपासा. तिथे शाळेचं नाव, पत्ता, संलग्नता कितवीपर्यंत आहे आणि ती कुठल्या तारखेपर्यंत आहे हे सगळं दिसतं. ‘कितवीपर्यंत’ हा शब्द नीट वाचा. आठवीपर्यंतच मान्यता असलेली शाळा नववीचा वर्ग चालवत असेल, तर त्या मुलांची नोंदणी दुसऱ्याच कुठल्या शाळेच्या नावाने होते. सीबीएसईत दहावीच्या परीक्षेला बसायचं तर नववीत बोर्डाकडे नोंदणी व्हावी लागते. ती न झाल्याचं दहावीच्या मध्यात उघड होतं, तेव्हा मागे फिरायला जागा नसते. ‘संलग्नता प्रक्रियेत आहे’ असं उत्तर मिळालं तर पहिली ते सातवीच्या मुलासाठी थांबता येईल, नववीच्या मुलीसाठी नाही.

राज्य मंडळाच्या शाळेचीही तपासणी तेवढीच सोपी आहे. यूडायस म्हणजे शाळांची सरकारी नोंद, तिचा अकरा आकडी क्रमांक मागा. महाराष्ट्रातल्या शाळांचा तो २७ ने सुरू होतो. आणि दहावीसाठी मंडळाचा इंडेक्स नंबर. शाळेला इंडेक्स नंबर आहे का, हा प्रश्न क्लार्कला विचारला की तो एकतर लगेच सांगतो किंवा ‘सरांना विचारा’ म्हणतो. दुसऱ्या उत्तरावर खुर्चीतून उठायला हरकत नाही.

प्रश्न : अकोल्याच्या खासगी शाळेत थोडी फी बाकी आहे म्हणून दाखला देत नाहीत. नाशिकची शाळा दाखल्याशिवाय प्रवेश देत नाही. मुलगा सातवी पास आहे. शिवाय शाळेच्या नोंदीत त्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं आहे, ते नाशिकला गेल्यावर करून घेऊ का?

उत्तर : आधी दुसरा भाग, कारण तोच जास्त महागात पडतो. नाव, जन्मतारीख, जात, आईचं नाव यांतली कुठलीही दुरुस्ती मुलगा जुन्या शाळेच्या पटावर असतानाच करून घ्या. दाखला ज्यावरून लिहितात ते जनरल रजिस्टर. त्यात दुरुस्ती झाली की दाखला आपोआप बरोबर येतो. एकदा नाव कमी झालं की तीच दुरुस्ती फार अवघड होऊन बसते. आधार, जन्मदाखला आणि प्रगतिपुस्तक तीन ठिकाणी तीन क्रमाने नाव लिहिलेलं असेल, म्हणजे एकीकडे आडनाव पुढे, एकीकडे मागे, तर आत्ताच एक क्रम ठरवून सगळीकडे तोच करा. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव येईल ते पासपोर्टापर्यंत पाठलाग करतं.

आता दाखला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे, मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा आहे आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा आहे, तुमचा मुलगा त्यात येतो. म्हणून नाशिकला अनुदानित शाळेत जाणार असाल तर कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी वादाला पोच नसते. फीबद्दल वेगळं बोला. बाकी किती आणि कशाची, ते लेखी मागा, हप्ते ठरवा. तरीही अडलं तर जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. सातवीचा प्रश्न प्राथमिक विभागाकडे, नववी-दहावीचा माध्यमिककडे. मुंबईत माध्यमिकचं काम शिक्षण निरीक्षकांकडे असतं.

आणि एक डिजिटल कागद विसरला जातो. यूडायस प्रणालीत मुलाचा पेन नावाचा कायम क्रमांक असतो. जुन्या शाळेने त्याला तिथून ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकलं तरच नवी शाळा तो क्रमांक आणि जन्मतारीख घालून आपल्याकडे ओढू शकते. दाखला हातात आला पण ऑनलाइन मुलगा अजून अकोल्यातच, अशी अवस्था महिनोन्‌महिने राहते. दाखला घ्यायला जाल त्याच दिवशी क्लार्कच्या शेजारी उभे राहून हे करून घ्या आणि पेन व अपार (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक) हे दोन्ही क्रमांक दाखल्याच्या झेरॉक्सवर लिहून ठेवा.

प्रश्न : मुलगी नववीत आहे, राज्य मंडळ. बदलीची ऑर्डर नोव्हेंबरची आहे. आत्ता न्यावं, एप्रिलपर्यंत थांबावं, की दहावी होईपर्यंत तिला आजी-आजोबांकडे साताऱ्यालाच ठेवावं?

उत्तर : घरात मोठं माणूस असेल तर एप्रिलपर्यंत थांबा. ते शक्य नसेल तर दिवाळीच्या सुट्टीतच हलवा, जानेवारीत नाही. पहिल्या सत्राचा निकाल सुट्टीच्या आसपास लागतो. तो शाळेच्या सही-शिक्क्यानिशी, विषयवार, लेखी आणि अंतर्गत गुण वेगळे दाखवून घ्या. नव्या शाळेला वर्षअखेरचा निकाल लावताना तोच आधार असतो. जानेवारीत गेलात तर दुसऱ्या सत्राचे अर्धे उपक्रम इकडे, अर्धे तिकडे आणि गुण कुठेच नाहीत.

दहावीत मात्र हलवू नका. भाषांचे तीन आणि गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे सहा विषय, सहाशे गुण, आणि त्यांत प्रत्येकी वीस गुण शाळेच्या हातात. शाळा वर्षभर त्या वीसांची नोंद ठेवते. नवीन आलेल्या मुलीच्या वह्या, प्रात्यक्षिकाची जर्नल, स्वाध्याय सगळं नव्याने उभं करावं लागतं. बोर्डाचा फॉर्म दिवाळीच्या सुमारास शाळेतूनच भरला जातो. तो भरल्यावर शाळा बदलणं म्हणजे परवानग्यांच्या मागे धावणं. सीबीएसईत तर दहावीला थेट प्रवेशासाठी बोर्डाची पूर्वपरवानगी लागते, पालकांच्या बदलीसारख्या कारणाचा पुरावा जोडून. राज्य मंडळाच्या नववीतून सीबीएसईच्या दहावीत उडी मारायचा विचार सोडूनच द्या.

आजी-आजोबांकडे ठेवायचं तर एक व्यावहारिक बाब : आजोबा शाळेच्या पालकसभेला बसू शकतील, असं मुख्याध्यापकांना आत्ताच लेखी कळवा आणि शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये त्यांचाही नंबर घाला. तुमचाच असेल तर सकाळी सातला आलेला ‘आज शाळा साडेदहाला सुटेल’ हा निरोप तुम्हाला दुसऱ्या गावात कळतो, आजोबांना नाही.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत एनएमएमएस ही केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाली. आता आम्ही ठाण्याला जातोय, तिथे चांगली विनाअनुदानित इंग्रजी शाळा मिळते आहे. शिष्यवृत्ती चालू राहील ना?

उत्तर : नाही. ही शिष्यवृत्ती महिन्याला एक हजार, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी चार वर्षं मिळते. पण मुलीने सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतच शिकलं पाहिजे. विनाअनुदानित चालत नाही, केंद्रीय आणि नवोदय विद्यालयंही नाहीत. चार वर्षांचे ४८,००० आणि नव्या शाळेची चार वर्षांची फी समोरासमोर मांडून ठरवा. अनुदानितच निवडलीत तर ठाण्यात गेल्यावर नूतनीकरणाचा ऑनलाइन अर्ज नव्या शाळेकडून पडताळला जातो, हे त्या शाळेच्या संबंधित शिक्षकांना पहिल्याच महिन्यात सांगा.

प्रश्न : आम्ही बडोद्याचे मराठी. मुलगा गुजरात बोर्डाच्या इंग्रजी माध्यमात आठवीत आहे. दोन वर्षांत मुंबईला जायचं नक्की. डॉक्टर व्हायचं म्हणतो. दहावी इथेच करून अकरावीला आलो तर चालेल का?

उत्तर : डॉक्टर व्हायचं असेल तर दहावीच्या आधी या. महाराष्ट्रातल्या एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण व्हाव्या लागतात. काही सरकारी नोकरांच्या मुलांसारखे अपवाद वगळता घरात मराठी बोलतो म्हणून सूट नाही. इथे बोर्ड कुठलं याने फरक पडत नाही, शाळा कुठे आहे याने पडतो. मुंबईतली सीबीएसई किंवा आयसीएसई शाळाही चालते. बडोद्यात दहावी केली आणि नीटला चांगले गुण आले, तरी महाराष्ट्राचा दरवाजा अरुंद होईल. हे पालकांना बारावीच्या निकालानंतर कळतं, म्हणून सांगतो.

यायचं ते नववीच्या सुरुवातीला. परराज्यातल्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. ती बडोदा सोडण्याआधी घ्या, नंतर एका सहीसाठी रेल्वेचं तिकीट काढावं लागतं. मराठीचा प्रश्न मात्र हलका घेऊ नका. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. घरात बोलणं आणि पेपर लिहिणं वेगळं. बडोद्यातली मुलं मराठी छान बोलतात आणि ऱ्हस्व-दीर्घापाशी अडखळतात. आत्तापासून रोज दहा ओळी शुद्धलेखन लिहून घ्या. नव्या शाळेला विचारा की मराठी कुठल्या स्तराची आहे, पहिली भाषा की दुसरी-तिसरी. इंग्रजी माध्यमात ती सहसा खालच्या स्तराची असते, तिथे मुलगा निभावून नेईल.

प्रश्न : पुण्यातली एक शाळा आठवीच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षा घेते आणि ‘इमारत निधी’ मागते. दोन्ही चालतं का? आणि अकरावीला चांगलं कॉलेज मिळावं म्हणून आत्ताच पुण्यात यायचं का?

उत्तर : आठवीपर्यंत मुलाची किंवा पालकांची निवड-परीक्षा घ्यायला शिक्षण हक्क कायद्याची मनाई आहे. नववीला ती तरतूद लागू नाही, म्हणून तिथे परीक्षा घेतली तर तक्रार करता येत नाही. देणगी कुठल्याच इयत्तेला चालत नाही. १९८७ पासून राज्यात वेगळा कायदाच आहे. निधी मागितला तर पावती मागा, आणि पावतीवर तो कुठल्या शीर्षाखाली आहे ते वाचा. फी किती वाढेल हे जाणायचं असेल तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केलेला फीचा तक्ता दाखवा म्हणा. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे मंजूर फी दोन वर्षं बदलायची नाही. तक्ता न दाखवता ‘दरवर्षी थोडीशी वाढते’ म्हणणाऱ्या शाळेचं थोडीशी म्हणजे किती, ते जुन्या पालकांना फाटकापाशी विचारा.

अकरावीसाठी आधीपासून पुण्यात येण्याचं आता फारसं कारण उरलेलं नाही. २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पद्धत राज्यभर लागू झाली आहे. गुणवत्ता यादी तुमचं मूल पुण्याच्या शाळेतून आलं की परभणीच्या, हे बघत नाही. एकच सवलत शाळेशी बांधलेली आहे : त्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात दहा टक्के इनहाउस कोटा. तुम्हाला हवं ते महाविद्यालय आणि ही शाळा एकाच संस्थेची असेल, तर तो कोटा या शाळेला लागू आहे का ते महाविद्यालयाच्या ऑफिसात विचारा. शाळेच्या ऑफिसात विचारलंत तर हो असंच उत्तर येईल.